मागच्या बाकावरचा नवरा

सुलू,

परवा शाळेनं तुझी शोकसभा घेतली. टेबलावर तुझा फोटो होता, तोच, ज्यात तू उगाच कडक दिसतीस. हेडमास्तरांनी कागदावरून तुझं सगळं वाचून दाखवलं. कुठं शिकलीस, कधी नोकरीला लागलीस, किती वर्षं सेवा झाली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "दत्ताभाऊ, दोन शब्द बोला." मी उठलो, माइकपाशी गेलो, पोरांकडं बघितलं आणि हात जोडून परत येऊन बसलो. पुढच्या रांगेतल्या पोरी रडायला लागल्या. त्यांना वाटलं, काकांना हुंदका आला.

हुंदका आला नव्हता. काय बोलावं तेच सुचंना. त्या कागदातली बाई लई आदर्श होती, पण माझी आणि तिची ओळख नव्हती. आपल्या दोघांत जे झालं ते माइकवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि ते सोडून दुसरं माझ्याजवळ काही नव्हतं. म्हणून घरी येऊन लिहायला बसलोय. मराठी माझं बरं आहे, हे तू पण मान्य करायचीस. नापास झालो तो इंग्रजीत.

तू माझ्या मामाची पोरगी. सुट्टीत मामाच्या गावाला गेलो की तू मला चिडवायचीस, मी तुझी वेणी ओढायचो. लग्न ठरलं तेव्हा तू बारावी झालेली होतीस आणि मी दहावीला इंग्रजीत दोनदा आडवा पडून शेतीला लागलेला. कुणीतरी मामाला म्हणालं होतं, पोरगी जास्त शिकलेली, पोरगं कमी. मामा म्हणाला, "घरचं पोरगं हाय, व्यसन न्हाई, आणखी काय बगायचं?" तुला कुणी विचारलं का नाही, ते मला आजपर्यंत माहीत नाही. मीही कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटायची.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा तू भाकऱ्या थापता थापता म्हणालीस, "मी पुढं शिकू का?" मी म्हटलं, "शिक की." एवढंच. लोक नंतर म्हणायचे, दत्तानं बायकोला शिकवलं, मोठ्या मनाचा माणूस. मोठं मन कसलं? तुला निलंग्याच्या एसटीत बसवून दिलं, एवढंच माझं काम. मनात थोडं खुपायचं सुद्धा. पण ज्या इंग्रजीनं मला पाडलं, तिला घरातलं कुणीतरी पाडणार म्हणून छाती पण फुगायची. दोन्ही खरं होतं.

बी.एड.ला तू लातूरला जायचीस तेव्हा पाठ घ्यायचा सराव माझ्यावर केलास. ओसरीच्या दाराच्या फळीवर खडूनं लिहायचीस आणि समोर अख्खा वर्ग म्हणून मी एकटा. "स्टँड अप." मी उभा. "सिट डाऊन." मी खाली. "ओपन द डोअर." मी दार उघडलं की फळ्यावरचं सगळं लिहिलेलं भिंतीकडं जायचं आणि तू हसत सुटायचीस. आई चुलीपासून ओरडायची, "ही बया नवऱ्याला उठाबशा काढायला लावून राहिली का काय?" तू तिला सांगितलंस, "आत्या, ह्याला पद्धत म्हणतात. आधी ऐकायचं, मग करायचं, मग बोलायचं. लिहायचं सगळ्यात शेवटी." आई म्हणाली, "मग हा पहिल्या वर्गातच बरा हाय. ऐकतोय आन करतोय."

मला शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला मास्तर पहिल्या दिवसापासून लिहायलाच लावायचे. काय लिहितोय ते माहीत नसायचं. फळ्यावरच्या वेलांट्या वहीत उतरवायच्या, जसं बैलगाडीच्या मागं कुत्रं चालतं तसं.

तुला नोकरी लागली ती आपल्या गावापासून जवळ, संस्थेच्या शाळेत. सीमेकडची पोरं तुझ्याकडं यायची. घरात कानडी, गल्लीत मराठी, मोबाइलवर हिंदी, आणि वर्गात तू चौथी भाषा घेऊन उभी. तू कधी त्यांच्यावर चिडल्याचं मला आठवत नाही. माझ्यावर चिडायचीस, लाइटवर चिडायचीस, एसटीवर चिडायचीस. पोरांचं आलं की म्हणायचीस, "ह्यांच्या जिभेला आधीच तीन भाषांचं ओझं आहे. चौथी जरा दमानं चढू द्या."

तुझ्या वर्गात पोरांनी प्रश्न कुठल्याही भाषेत विचारला तरी चालायचा. उत्तरात मात्र एक तरी इंग्रजी शब्द पाहिजे. एकदा एका पोरानं, उशीर का झाला विचारल्यावर, "मॅडम, आमची म्हैस डिलिव्हरी झाली" असं सांगितलं होतं. ते सांगताना तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं हसून. पण दुसऱ्या दिवशी तू त्याला तेच वाक्य नीट करून दिलंस, आणि त्यानं ते अख्ख्या शाळेला म्हणून दाखवलं, म्हशीचं रेडकू केवढं झालं ते सांगत.

पेपर तपासायला घरी आणायचीस तेव्हा खाटेवर गठ्ठा पसरायचीस आणि मधूनच एखादा मला वाचून दाखवायचीस. घटक चाचणीला तू 'माझी आई' असा निबंध टाकला होतास, ते आठवतं? सगळ्या वर्गानं गाइडातला लिहिला. सगळ्यांच्या आया पहाटे उठत होत्या, सगळ्यांच्या आया कुटुंबाचा आधारस्तंभ होत्या, सगळ्यांचं स्पेलिंग सुद्धा बरोबर. आणि महादेवी नावाच्या एका कानडी पोरीनं चारच वाक्यं लिहिली होती. तू ती मला इंग्रजीत वाचलीस आणि मग समजावलीस. माझी आई रागीट. ती कानडी बोलते. ती शाळेत येत नाही, भीती वाटते. ती झोपताना माझ्या केसांवरून हात फिरवते.

मी म्हटलं, "ह्यात एक वाक्य धड न्हाई म्हणतीस ना? मग मार्क कशाचे?"

"पण चारही तिची आहेत," तू म्हणालीस. आणि गाइडवाल्यांच्या डबल मार्क तिला दिलेस.

मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "मला असल्याच चुकांपायी पाडलं. त्या वक्ताला तू असतीस तर मी पास झालो असतो की."

तू लाल पेन बाजूला ठेवून विचारलंस, "तुम्ही काय लिहिलं होतं तेव्हा?"

"गाइडातलं."

"सगळं?"

"आठवलं तेवढं."

"मग मी पण पाडलंच असतं," तू म्हणालीस आणि पुढचा पेपर घेतलास.

तोंडी परीक्षेचं पण तुझं वेगळंच. मी ऐकून होतो की पुष्कळ ठिकाणी तोंडीचे वीसच्या वीस मार्क पोराला न विचारताच भरले जातात. तू प्रत्येकाला शाळेपुढच्या कडुलिंबाखाली बोलवायचीस. दोन खुर्च्या समोरासमोर. पोराला बोलता आलं नाही तर म्हणायचीस, "आज राहू दे. उद्या ये." उद्या नाही आलं तर परवा. काही पोरं पाच-पाच खेपा घालायची. शेवटी बोलायचीच. मग जेवढं बोलतील तेवढे मार्क, आणि ते बहुतेक चांगलेच असायचे. हेडमास्तर कुरकुरायचे, मॅडम किती दिवस चालणार हे? तू म्हणायचीस, "सर, फुकट दिलेला मार्क त्या पोराला पण माहीत असतो."

हे सगळं मी लांबून बघत होतो. मग पोलीस पाटलाची गोष्ट आली.

आपल्या गावचे पोलीस पाटील थकले आणि जागा रिकामी होणार असं कळलं. गावातली भांडणं तोवर माझ्याकडंच यायची. बांधाचं, पाण्याचं, भावाभावांचं. मी दोन्हीकडचं ऐकून घ्यायचो, चहा पाजायचो, मिटवायचो. लोक म्हणाले, दत्ता, अर्ज कर. पण अर्जाला दहावी पास लागते, आणि वयाची अट. माझं वय अटीच्या काठावर आलेलं. म्हणजे येत्या मार्चला पास झालो तरच. जुने मार्क आता चालत नव्हते, सगळे विषय परत द्यायचे होते.

मी तुला लाजत लाजत सांगितलं. तू लगेच म्हणालीस, "बसा. बाकीच्याची फिकीर नाही, ते तुम्हाला येतं. इंग्रजी मी शिकवते. पण घरी नाही. वर्गात या."

"पोरांत बसू?"

"पोरांतच बसा. भाषा एकट्याला येत नसते."

दहावीचा जादा तास सकाळी शाळेच्या आधी असायचा. थंडीचे दिवस होते. मी मफलर गुंडाळून गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. गुडघे बाकाला लागत होते. पोरं माना वळवून वळवून बघत होती, दबून हसत होती. तू आत आलीस, सगळी उभी राहिली, मी पण उभा राहिलो. आणि तुला पहिल्यांदा माझ्याशी बोलायची वेळ आली तेव्हा तू अडकलीस. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? आणि वर्गात 'अहो' कसं म्हणायचं? तू खडू हातात फिरवलास आणि म्हणालीस, "येस, लास्ट बेंच."

त्या दिवसापासून मी लास्ट बेंच. पोरं सुद्धा म्हणायला लागली. "लास्ट बेंच काका, होमवर्क केला का?"

सुलू, तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो. त्या थंडीतले ते तास माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त आवडलेले. तुला मी चुलीपुढं बघितलं होतं, आजारी आईचं करताना बघितलं होतं, आपल्या तान्ह्या अश्विनीला अंगावर घेऊन बसलेली बघितलं होतं. पण काम करताना बघितलं नव्हतं. घरी मीठ कमी म्हटलं की तोंड फिरवणारी माझी बायको इथं एका पोराला एकच वाक्य पुन्हापुन्हा सांगत होती आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं. पोरगं चुकलं की तू 'चूक' म्हणायची नाहीस. "जवळ आलास," म्हणायचीस. "आणखी जवळ ये." मला वाटायचं, इतकी वर्षं आपण एका घरात राहतो आणि ही बाई मला आज दिसून राहिली.

घरी वर्गातलं बोलायचं नाही असं आपलं ठरलं होतं. पण एक दिवस मी वर्गात हात वर केला आणि उत्तर बरोबर आलं. संध्याकाळी तू भाकरीबरोबर दोन अंडी तळून वाढलीस. मी विचारलं, "आज काय हाय?" तू म्हणालीस, "काही नाही. कोंबडीनं दिली."

मग तोंडी परीक्षा आली. बाहेरून बसणाऱ्यांची तोंडी त्या वर्षी तुझ्याच शाळेत होती. तू स्वतःहून हेडमास्तरांना सांगितलंस, माझ्या घरच्या माणसाची परीक्षा मी घेणार नाही. म्हणून माझी परीक्षा अन्वर सरांकडं गेली. अन्वर सर तुझ्या जोडीला आठवी-नववीचं इंग्रजी घ्यायचे. निलंग्यात त्यांच्या घरच्यांचं बांगड्यांचं जुनं दुकान. मला चांगले ओळखायचे. ईदला शीरखुर्म्याचा डबा न चुकता आपल्याकडं यायचा.

तीच लिंबाखालची जागा, त्याच दोन खुर्च्या. अन्वर सरांनी हसत विचारलं, इंग्रजीतच, "तुमच्या शेताबद्दल सांगा." ह्याच्यापेक्षा सोपं काय असतं? वर्गात मी हे दहा वाक्यांत सांगितलं होतं. तू मान डोलावली होतीस. पण त्या खुर्चीत बसलो आणि एकदम तो जुना पंधरा वर्षांचा दत्ता झालो. शाळेच्या खिडक्यांतनं पोरं बघत होती. "माय फार्म," मी म्हणालो. "माय फार्म इज..." पुढं काही येईना. ऊस येईना, सोयाबीन येईना, विहीर येईना. अन्वर सरांनी दुसरं विचारलं, तिसरं विचारलं. मी "येस सर", "नो सर" एवढंच.

अन्वर सरांनी पेन खाली ठेवलं. "दत्ताभाऊ, काही बिघडलं न्हाई. उद्या बसू परत. टेन्शन घेऊ नका."

आणि मागून तुझा आवाज आला. तू वऱ्हांड्यात कधी येऊन उभी राहिली होतीस, मला माहीत नाही.

"नको सर. आज जे झालं तेवढंच लिहा."

"मॅडम, पोरांना तर आपण..."

"पोरांची गोष्ट वेगळी. ह्यांना दुसरी खेप दिली तर ती नवरा म्हणून दिली असं होईल. नको."

अन्वर सरांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. त्यांनी वीसपैकी सात लिहिले. सात सुद्धा त्यांच्या चांगुलपणाचे.

लेखी बरी गेली. निकाल अश्विनीनं मोबाइलवर बघितला. सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत नापास, आणि तेही थोडक्यात. तोंडीला बाकीच्या पोरांसारखे मार्क असते तर आरामात निघालो असतो. हे अश्विनीनं बोटांवर मोजलं, तू पण मनात मोजलं असणार.

पोलीस पाटील दुसरा झाला. चांगला माणूस आहे, माझं त्याच्याशी काही नाही. पण ज्या दिवशी त्याचा सत्कार झाला त्या दिवशी मी शेतातच बसून राहिलो. तू डबा घेऊन आलीस. बांधावर बसलीस.

"जुलैत परत परीक्षा असते," तू म्हणालीस. "बसा."

"कशाला?" मी म्हणालो. "परत तूच वऱ्हांड्यात उभी राहशील."

तू बांधावरचं गवत उपटलंस. मग म्हणालीस, "माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"मी परत बोलावलं असतं. पोरांना पाच खेपा देतीस, मला एक न्हाई दिलीस. नवरा म्हणून जास्त नको म्हणतीस ते बरोबर हाय. पण नवरा म्हणून कमी तरी का?"

तू डबा बांधलास आणि गेलीस. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. तू चुकले म्हणाली नाहीस. मी जाऊ दे म्हणालो नाही. आणि आज तू नसताना सुद्धा, सुलू, मला वाटतं, तिथं तुझं चुकलंच. माणूस गेला म्हणून भांडण खोटं करता येत नाही.

जुलैच्या परीक्षेला मी बसलो नाही. जादा तासाला यायचं बंद केलं. पोरं रस्त्यात भेटली की ओरडायची, "गुड मॉर्निंग काका, हाऊ आर यू?" सवयीनं तोंडातनं "फाइन, थँक यू" निघून जायचं आणि मग स्वतःचाच राग यायचा.

पण तू सोडलं नाहीस. तुझी ती खोड. घरात शिकवणार नाही म्हणाली होतीस, आणि आता नेमकं घरातच सुरू केलंस, शिकवतीस असं न दाखवता. जेवताना "पास मी द सॉल्ट." दार लावताना "इज द काऊ इन?" पाऊस भरून आला की "क्लोज द विंडो, इट इज गोइंग टु रेन." मी उत्तर द्यायचो नाही. मीठ द्यायचो, गाय बांधायचो, खिडकी लावायचो. तुला वाटायचं मी रुसलोय. रुसलो होतोच. पण ऐकून राहिलो होतो. अश्विनी नांदेडला दिली, घरात आपण दोघंच उरलो, तरी तुझं इंग्रजी माझ्या कानांवर पडतच राहिलं. मोबाइलवर बातम्या लावायचीस, मोठ्यानं. मी खळ्यात काम करता करता ऐकायचो. बोलायला जीभ उचलायची नाही, पण कान तयार झाले होते. मी हे तुला सांगितलं नाही. मुद्दामच नाही सांगितलं. तुला आनंद होऊ द्यायचा नव्हता, एवढा खडूस होतो मी.

मग तुझं पोट दुखायला लागलं. आधी ऍसिडिटी म्हणून गोळ्या झाल्या, मग कावीळ म्हणून पथ्य झालं. परीक्षा संपू द्या मग दाखवू, म्हणालीस. शेवटी अन्वर सरांनी गाडी काढली आणि आपण लातूर गाठलं. तिथं तपासण्या, सोनोग्राफी, आणखी तपासण्या. अश्विनी नांदेडहून आली. डॉक्टर चांगले होते. मायेनं बोलायचे, पण नेमकं काही सांगायचे नाहीत.

त्या दिवशी सकाळी अश्विनी खाली औषधं आणायला गेली होती. मोठे डॉक्टर राउंडला आले, मागं तीन-चार शिकाऊ डॉक्टर. तू डोळे मिटून पडली होतीस. अंगावर घरची जुनी साडी, केस विस्कटलेले. मी पायजमा-टोपीत खाटेजवळ उभा. त्यांना कुठं माहीत की ही बाई कोण आहे. त्यांनी रिपोर्ट बघितले आणि त्या शिकाऊ पोरांशी इंग्रजीत बोलले, हळू आवाजात.

"देअर इज नॉट मच टु डू नाऊ. लेट हर गो होम. अ फ्यू वीक्स. मे बी लेस." मग माझ्याकडं डोळ्यांनी खूण करून, "टेल द हजबंड. बट स्लोली."

माझ्या खांद्यावर हात ठेवून मराठीत म्हणाले, "काका, घाबरू नका. नंतर जरा माझ्या खोलीत या." आणि पुढच्या खाटेकडं गेले.

एक शब्द सुटला नाही, सुलू. एकही अवघड नव्हता त्यातला. गो. होम. वीक्स. लेस. सगळे तुझ्या वर्गातले शब्द. पहिल्यांदा आयुष्यात मला इंग्रजी अख्खं कळलं, आणि मला वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं. निदान डॉक्टरच्या खोलीत जाईपर्यंत तरी तू बरी होणार होतीस.

मी खाटेची दांडी धरून उभा राहिलो. तुझ्याकडं बघायची हिंमत होईना. बघितलं तर तुझे डोळे उघडे.

"काय म्हणाले?" तू विचारलंस.

मला वाटलं, आत्ताच जाग आली. मी तोंड पुसलं आणि म्हणालो, "काही न्हाई. सुधारणा हाय म्हणले. घरी न्या म्हणले. हळूहळू आराम पडंल."

तू माझ्याकडं बघत राहिलीस. पेपर तपासताना एखाद्या उत्तरावर थांबायचीस ना, पेन वर धरून, तशी. मला त्या नजरेची ओळख होती.

"स्लोली म्हणजे हळूहळू," तू म्हणालीस. "बरोबर."

आणि माझा हात ओढून घेऊन आपल्या गालाखाली ठेवलास. मी तसाच वाकून उभा राहिलो. पाठ दुखायला लागली तरी हललो नाही. अश्विनी औषधं घेऊन आली तेव्हा तू झोपली होतीस.

घरी आणल्यावर तू फार दिवस राहिली नाहीस. तुझ्या वर्गातली पोरं शाळा सुटली की येऊन अंगणात उभी राहायची, तू खाटेवरनं एकेकाला काहीतरी विचारायचीस, आणि ती भीत भीत का होईना बोलायची. अन्वर सर रोज यायचे, तुझ्या पायाशी बसायचे. अश्विनीनं मला गोठ्यात गाठून विचारलं, "बाबा, आईला तुम्ही सांगितलं का?" मी म्हटलं, "न्हाई." ती म्हणाली, "तिला माहीत असंल का?" मी वैरण टाकत राहिलो.

त्या उत्तराचं आपण नंतर नाव काढलं नाही. तू उन्हाळ्यात नांदेडला जाऊन अश्विनीच्या घरी आठ दिवस राहायचं म्हणायचीस, मी "जाऊ की" म्हणायचो. दोघांनाही सगळं ठाऊक होतं आणि दोघंही एकमेकांना सांभाळून बोलत होतो. इतकं गोड आपण लग्न झाल्यापासून कधी बोललो नसू.

मी उलटासुलटा विचार करत असतो. माझं उत्तर साफ चूक होतं. तुला ते माझ्याही आधी कळलं होतं. आणि तू, जिनं कधी कुणाला न मिळवलेला मार्क दिला नाहीस, नवऱ्याला तर मुळीच नाही, त्या उत्तराला बरोबर म्हणालीस. माझं तोंड बघून म्हणालीस, का तुलाही घडीभर तेच खरं असावं असं वाटलं, हे विचारायचं राहून गेलं. आता विचारायचं पण नाही मला.

एवढंच सांगतो. तू दिलेला तो मार्क मी ठेवून घेतोय, सुलू. फेरतपासणीला टाकणार नाही.

तुझा,
दत्ता